कुठल्या डिपार्टमेंटच्या तुम्ही?

विद्यापीठाच्या लायब्ररीत पहिला प्रश्न ‘कोणतं पुस्तक हवंय?’ असा कधीच नसतो. तो असतो, ‘कुठल्या डिपार्टमेंटच्या तुम्ही?’ यावर ‘कुठल्याच नाही’ म्हणालात की खेळ खल्लास. गेटवरचे काका आत बघतात, आतले सर गेटकडे बघतात आणि मधे तुम्ही, हातात पॅन कार्ड घेऊन!

मी सध्या गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांवर काम करतेय. गाइड नाही, स्कॉलरशिप नाही, सगळं वीकेण्डला आणि स्वतःच्या खिशातून. १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. १९८२च्या संपात गिरण्या बंद पडल्या आणि जेवणारेच गेले. तेव्हाच्या तरण्या बायका आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. म्हणजे आपल्याकडे वेळ किती, ते तुम्हीच बघा. त्यांच्या दारात जाण्याआधी, पूर्वी कुणी त्यांना काय विचारून ठेवलंय ते वाचायला नको?

नेट आहे की, म्हणाल. आहेच. यूजीसीच्या २००९च्या नियमांनंतर पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’वर येऊ लागले. एकदम फुकट, लॉगिनची भानगड नाही. पण जुन्यांपैकी बरेच अजून कपाटातच आहेत. आणि जर्नल्सचं म्हणाल तर ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ १ जानेवारी २०२५ला सुरू झालं. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० जर्नल्स! सोय मात्र सरकारी संस्थांमधल्या विद्यार्थी, प्राध्यापक आणि संशोधकांची. नेशन वन खरं, पण टॅक्स आपला आणि पासवर्ड त्यांचा. मला हे जाम खटकतं.

तर फंडा असा. काउंटरवर वाद घालू नका, तिथल्या माणसाच्या हातात काही नसतं. थेट ग्रंथपालांना पत्र द्या. ‘मला लायब्ररी वापरायची आहे’ एवढंच लिहिलंत तर मेलात. लायब्ररीचा कॅटलॉग ऑनलाइन असेल तर घरी बसून कॉल नंबर शोधा आणि लिहा : हे चार प्रबंध, दहा दिवस, इथेच बसून वाचणार, घरी नेणार नाही. हे शेवटचं महत्त्वाचं. त्यांना भीती तुमची नसते, पुस्तक गायब होण्याची असते. सोबत एखाद्या संपादकाचं किंवा जुन्या प्राध्यापकांचं पत्र जोडा. लेटरहेड दिसलं की आपल्याकडे माणसं खुर्ची देतात! डिपॉझिट मागितलं तर भरा, पावती जपा. आणि एक गोष्ट हळूच विचारा : जर्नल्सच्या करारात ‘वॉक-इन युजर’ बसतात का? बऱ्याच प्रकाशकांच्या करारात बाहेरच्या वाचकाला लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर वाचायची मुभा असते. काउंटरवर हे ठाऊक असेलच असं नाही.

मला एका विद्यापीठाने (नाव नको, अजून दोन दिवस जायचंय) तीन आठवडे आणि चार चकरांनंतर आत घेतलं. कार्डावर ‘विभाग’ या रकान्यात क्लार्कताईंनी थोडा विचार करून लिहिलं, ‘इतर’. प्रबंध हातात आला. मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का होता १९९६चा. परिशिष्टात खाणावळींची यादी आहे, चाळींच्या नावांसकट. त्यातल्या दोन चाळी अजून उभ्या आहेत. येत्या रविवारी लालबागला जातेय.