कोंबडी एक, ताटे सात



गेल्या महिन्यात आमच्या धाकट्या सुनेचा रक्ताचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन 8.6. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि विचारले, "जेवणात काय काय असतं?" सुनेने तोंड उघडायच्या आत आम्हीच उत्तर दिले, "दर रविवारी मुर्गी असते, मधे अंडी असतात. खाण्यापिण्याची काही कमी नाही." बाईंनी आमच्याकडे पाहिले नाही. सुनेलाच विचारले, "तुमच्या ताटात कोणता पीस येतो?"

सून गप्प राहिली आणि आम्हीही.

घरी आल्यावर ती म्हणाली, "अम्मी, मुर्गी तर दर आठवड्याला शिजते. मग रक्त का वाढत नाही?" प्रश्न साधा होता. उत्तरासाठी मात्र कोंबडीचा हिशेब मांडावा लागला.

आमचे घर सात माणसांचे. रविवारी सव्वादोन किलोच्या आसपासची जिवंत कोंबडी हलाल करून, पिसे-आतडी-कातडी काढून आणली की पिशवीत साधारण दीड किलो येते. त्यातला सुमारे तिसरा हिस्सा हाडांचा. म्हणजे खरे मांस राहिले किलोभर. कातडी काढलेल्या कच्च्या कोंबडीच्या 100 ग्रॅम मांसात सुमारे 21 ग्रॅम प्रथिने, 3 ग्रॅम चरबी आणि 119 कॅलरी असतात. बाकी बहुतेक पाणीच. कातडी ठेवली तर त्याच 100 ग्रॅमच्या कॅलरी 215 वर जातात आणि चरबी 15 ग्रॅमवर, कारण नुसत्या कातडीत जवळजवळ तिसरा भाग चरबीच असते. पिष्ट पदार्थ आणि चोथा कोंबडीत नाही. कॅल्शियम अगदी थोडे. हाडे पातेल्यात असली म्हणून ते पोटात जाते, असे नाही.

किलोभर मांसात प्रथिने झाली 210 ग्रॅम. सात जणांत सारखी वाटली तर प्रत्येकी 30. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली जी गरज सांगितली आहे, तीनुसार 55 किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे 46 ग्रॅम प्रथिने लागतात. एका जेवणात तीस मिळाली तर फारच चांगले झाले. कोंबडीला नावे ठेवायला इथे जागा नाही.

पण सारखी वाटली तर. आमच्या दस्तरखानावर एक तंगडी नातवाची, दुसरी धाकट्या मुलाची, तो चाळीशीला आला तरी. छातीचे जाड पीस घरच्या पुरुषांना, कारण ते "दिवसभर बाहेर राबतात". आम्ही आणि सुना सगळ्यांचे झाल्यावर बसतो. तेव्हा पातेल्यात मान, पाठीचा सांगाडा, पंखाचे टोक आणि भरपूर रस्सा उरलेला असतो. कोणी आम्हांला तसे सांगितले नव्हते. आमच्या सासूबाई तसेच वाढत होत्या, आम्ही तसेच वाढत राहिलो. आणि वर सुनेला समजूतही घालत होतो, की खरी ताकद शोरब्यातच उतरते. ती उतरत नाही. शोरब्यात चव येते, मीठ-मसाला येतो, थोडी चरबी आणि हाडांतला चिकटपणा येतो. प्रथिने मात्र बहुतेक तुकड्यातच राहतात. तापातून उठलेल्याला यखनी जरूर द्यावी, त्याचे तोंड तरी उघडते. ती मांसाची जागा घेत नाही.

आता सुनेचा खरा प्रश्न, रक्ताचा. इथे आमचाही अंदाज चुकला होता. आमची समजूत अशी, की लाल रस्सा, मांसाहार, म्हणजे रक्त वाढणारच. कोंबडीच्या 100 ग्रॅम मांसात लोह असते जेमतेम 0.9 मिलिग्रॅम. तंगडीच्या गडद मांसात छातीच्या पांढऱ्या मांसापेक्षा थोडे जास्त, पण तेही मिलिग्रॅमच्या आसपासच. म्हणजे आमच्या अख्ख्या पातेल्यातल्या किलोभर मांसात मिळून 9 मिलिग्रॅम. सात जणांत वाटले तर प्रत्येकी सव्वा. आणि मासिक पाळी येणाऱ्या बाईची गरज त्याच संस्थेने दिवसाला 29 मिलिग्रॅम सांगितली आहे, पुरुषाची 19. मांसातले लोह भाजीतल्या लोहापेक्षा अंगी अधिक लागते, हे खरे. तरी सव्वा म्हणजे सव्वाच. सुनेला तंगडी वाढली असती तरी नुसत्या तंगडीने तिचे रक्त वाढले नसते.

आणि याच कोंबडीत एक वस्तू अशी आहे, की तिच्या 100 ग्रॅममध्ये एकटीत 9 मिलिग्रॅम लोह असते. अख्ख्या पातेल्याइतके! ती म्हणजे कलेजी. शिवाय रक्त तयार व्हायला लागणारे फोलेट आणि बी-12 तिच्यात भरपूर. पेट्यातही 100 ग्रॅमला अडीच मिलिग्रॅम लोह आहे, मांसाच्या जवळजवळ तिप्पट. तुमच्याकडे कलेजीचे काय होते? आमच्याकडे सालन चुलीवर असतानाच ती तव्यावर मीठ-मिरी टाकून परतली जाते आणि ज्याला वास आधी येतो त्याच्या तोंडात जाते. तो बहुतेक वेळा मुलगाच असतो. परतणारी सून असते, चव बघायला म्हणून तुकडाभर खाल्ला तर खाल्ला.

अर्थात एका कोंबडीची कलेजी तीस-चाळीस ग्रॅमच भरते, तेवढ्याने कोणाचेच भागत नाही. पण चिकनच्या दुकानात ती वेगळी मिळते आणि मांसापेक्षा स्वस्त असते. आम्ही आता आठवड्याला पाव किलो वेगळी आणतो. दोन्ही सुनांची पहिली, मग इतरांची. ती आतून गुलाबी राहू देत नाही, पूर्ण शिजवतो. वर लिंबू पिळतो, लिंबाने जेवणातल्या डाळ-भाजीचेही लोह चांगले लागते. आणि जेवणावर लगेच चहा, ही आमची रविवारची जुनी खोड बंद केली, कारण चहा लोह अडवतो. या एका गोष्टीवर घरात जेवढी कुरकुर झाली तेवढी कलेजीवरही झाली नाही.

दोन गोष्टी सांभाळायच्या. कलेजीत अ जीवनसत्त्व फार असते, 100 ग्रॅममध्ये बाईच्या दिवसाच्या गरजेच्या जवळपास चौपट. म्हणून रोज खायची नाही, आणि जिला दिवस गेले आहेत तिने डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच खाऊ नये. पोटातल्या बाळाला ते जास्तीचे अ जीवनसत्त्व बाधू शकते. घरात कोणाला युरिक अॅसिडचा त्रास असेल तर त्यांनीही कलेजी-पेट्यापासून लांब राहावे. आणि 8.6 चे 12 व्हायला गोळ्याच लागतात. कलेजी सुरू केली म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत, हे आम्ही सुनेला तीनदा बजावले आहे.

कच्च्या कोंबडीचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. ती उघड्या नळाखाली धारेने धुऊ नका. शिंतोड्यांबरोबर तिच्यावरचे जंतू ओट्यावर, कापलेल्या काकडीवर जाऊन बसतात. रक्त-पिसे काढायला धुवायचीच असेल तर पातेल्यात पाणी घेऊन हळू धुवा, मग पातेले, सुरी, पाट आणि हात साबणाने.

या सरकारी पाहणीचा आकडाही सुनेला दाखवला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. ती म्हणाली, "म्हणजे भाभीचंही तपासायला हवं." आम्हांला ते सुचले नव्हते. मोठ्या सुनेने कधी तक्रार केली नाही, एवढेच आम्ही धरून चाललो होतो.

गेल्या रविवारी सगळे एकदम बसलो. नातवाने तंगडीसाठी हात पुढे केला, ती त्याला मिळालीही. दुसरी मात्र त्याच्या चाचीच्या ताटात गेली. धाकट्या मुलाने एकदा पातेल्यात डोकावून पाहिले आणि छातीचा पीस घेतला. मोठ्या सुनेचा रिपोर्ट शुक्रवारी येणार आहे.