सात पीएसचं सुतक

२०२१ साली सुझुकीने तिसऱ्या पिढीची हायाबुसा आणली आणि आपल्याकडच्या बाईकवेड्या जनतेने चक्क सुतक पाळलं. कारण काय, तर आधीच्या मॉडेलची ताकद १९७ पीएस होती आणि नवीची १९०. सात पीएस कमी! २००४ साली 'धूम' बघून जी पिढी या बाईकच्या प्रेमात पडली, तिला हा थेट विश्वासघात वाटला.

मंडळी, माझं मत बरोब्बर उलटं आहे. हायाबुसाच्या आख्ख्या इतिहासातली सगळ्यात मोठी उडी हीच!

जरा आकडे बघू. १९९९ ची पहिली हायाबुसा १२९९ सीसी आणि १७५ पीएसची. ती ताशी ३०० च्या पुढे गेली आणि युरोपात बोंब झाली. मग जपानी कंपन्यांनी आपापसात समजूत करून २९९ वर कुंपण घातलं. २००८ मध्ये इंजिन १३४० सीसी आणि ताकद १९७ पीएस झाली. आणि एबीएस? तो आला २०१३ मध्ये. म्हणजे हे धूड चौदा वर्षं एबीएसशिवाय विकलं गेलं आणि आपण भिंतीवर त्याची पोस्टरं लावत होतो. धन्य!

आता अकरावीचं फिजिक्स आठवा. वेग तिप्पट झाला की ऊर्जा नऊपट होते, आणि ती सगळी ब्रेकने गिळायची असते. ताशी ३०० ला एका सेकंदात ८३ मीटर कापले जातात, म्हणजे क्रिकेटच्या चार खेळपट्ट्या. तेवढ्यात तुमचा मेंदू जेमतेम 'अरे' म्हणतो.

२०२१ च्या मॉडेलची खरी गंमत इथे आहे. त्यात सहा अक्षांचा आयएमयू बसवलाय. तीन दिशांमधलं त्वरण आणि तीन अक्षांभोवतीचं फिरणं तो सतत मोजतो. त्यामुळे बाईक या क्षणी किती कललीय हे कॉम्प्युटरला कळतं. साध्या एबीएसला फक्त चाकांचा वेग दिसतो, कल दिसत नाही. टायरची पकड ही महिन्याच्या पगारासारखी असते. वळणावर त्यातला मोठा वाटा वळण्यातच खर्च झालेला असतो, आणि उरलेल्यात ब्रेकचं भागवायचं असतं. घाबरून लिव्हर दाबलात की हिशेब बोंबलला! कल ओळखणारा एबीएस हे उरलेलं बजेट बघून ब्रेकचा दाब आवरतो. ट्रॅक्शन कंट्रोल हेच काम उलट दिशेने, ॲक्सिलरेटरसाठी करतो. त्याच्या १० पायऱ्या आहेत.

आणि ते हरवलेले सात पीएस? कमाल ताकद मिळते ९७०० आरपीएमला. पहिल्या गिअरमध्येसुद्धा तिथे पोचेपर्यंत शंभरी ओलांडलेली असते. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला मुळात प्रवेशच नाही. मग हे सात पीएस तुम्ही वापरणार कुठे, सिंहगड रोडच्या सिग्नलला? युरो ५ च्या नियमांसाठी कमाल आकडा घटला खरा, पण मधल्या आरपीएमचा जोर वाढवला. रोज वापरात तोच येतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: खऱ्या रायडरला इलेक्ट्रॉनिक्स लागत नाही. अहो, मग खऱ्या प्रोग्रामरला टेस्टिंगही लागत नसेल! बग तुमच्या हुशारीवर अवलंबून नसतो, आणि वळणावर सांडलेलं डिझेलही नसतं. एक मान्य, इलेक्ट्रॉनिक्स नसलेली पकड निर्माण करू शकत नाही. वेगात वळणात शिरलात तर न्यूटन सोडत नाही. पण असलेली पकड वाया न घालवणं हेही काही कमी नाही.

हे भांडण फक्त १६ लाख ४० हजारांना आलेल्या खेळण्यापुरतं असतं तर मी शनिवार खर्ची घातला नसता. कल ओळखणारा एबीएस २०२३ मध्ये आपल्या चाकणला बनलेल्या केटीएम ३९० ड्यूकमध्ये सुमारे ३ लाख ११ हजारांत मिळू लागला. म्हणजे तंत्रज्ञान खाली झिरपतं, पण मागणी असेल तर! १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या दुचाकींना एबीएस सक्तीचा झाला. त्यातही नुसत्या पुढच्या चाकाचा एबीएस चालवून घेतला गेला, आणि खालच्या गाड्यांची सीबीएसवर बोळवण झाली. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली जवळपास ७५ हजार दुचाकीवरची होती. त्यातल्या कितीजणांकडे हायाबुसा असेल?

कंपन्या आपल्याला तेच विकतात जे आपण विचारतो. शोरूममध्ये शिरल्यावर आपला पहिला प्रश्न असतो 'पॉवर किती?' आणि दुसरा 'देती कितना?' 'थांबते कशी?' हा प्रश्न जोवर पहिला येत नाही, तोवर आपण सुतकच पाळत बसणार. फक्त सात पीएसचं नाही.

असो. पुढच्या वेळी शोरूममध्ये गेलात की विचारून बघा. सेल्समनचा चेहरा बघण्यासारखा होतो! :-)