भुकेचे चित्र आणि भुकेचा हिशेब

सामाजिक वास्तववादाचे दिवस आता संपले, असे एका परिसंवादात अलीकडेच ऐकावयास मिळाले. वक्ते विद्वान होते आणि त्यांचा आक्षेपही नवा नव्हता. उपाशी माणसांची छायाचित्रे, शेतमजुरांची नाटके, चाळीतल्या कथा हे सारे प्रचारकी, एकसुरी आणि कलादृष्ट्या दुय्यम, असे त्यांचे म्हणणे. चहापानाच्या वेळी दुसऱ्या एका सद्‌गृहस्थांनी नेमके उलटे मत मांडले. त्यांच्या मते दारिद्र्याचे दर्शन जितके विदारक, तितकी कलाकृती श्रेष्ठ. मला दोघांचेही म्हणणे चुकीचे वाटते, आणि दोघांची चूक एकच आहे. दोघेही भुकेकडे देखावा म्हणून पाहतात. एकाला तो नकोसा वाटतो, दुसऱ्याला हवासा. भूक हा एक आर्थिक व्यवहार आहे, त्यात कोणाचे तरी घेणे आणि कोणाचे तरी देणे असते, ही गोष्ट दोघांच्याही गावी नाही.

वाद जुनाच आहे. १९८० साली राज्यसभेच्या सदस्य असलेल्या नर्गिस दत्त यांनी सत्यजित राय यांच्यावर ठपका ठेवला की, ते भारताचे दारिद्र्य परदेशी नेऊन विकतात. ज्या अभिनेत्रीने १९५७ च्या ‘मदर इंडिया’त सावकारी पाशात पिचलेली, स्वतः नांगर ओढणारी शेतकरीण उभी केली, आणि ज्या चित्रपटाला भारतातर्फे ऑस्करसाठी पाठविण्यात आले, तिनेच हा आरोप करावा, यातील विसंगती उलगडून सांगण्याची गरज नाही. ‘मदर इंडिया’त निदान सुखीलालाचे खाते तरी दिसते. पुढे आलेल्या कित्येक कथित वास्तववादी कृतींत तेवढेही दिसत नाही.

सर्वसाधारण चर्चा सोडून एका घटनेपुरता हा प्रश्न तपासावा. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाला छायाचित्र, रेखाचित्र, नाटक, कादंबरी आणि चित्रपट या सर्वांनी हात घातला. चौकशी आयोगाने १९४५ साली मृतांचा आकडा सुमारे १५ लाख धरला. नंतरच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांच्या आसपास नेला. बंगाल सरकारने दुष्काळ-संहितेनुसार दुष्काळ जाहीर केला नाही तो नाहीच. वृत्तपत्रांवर युद्धकालीन नियंत्रणे होती. अशा वेळी २२ ऑगस्ट १९४३ रोजी कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’ने रस्त्यावर मरून पडणाऱ्या माणसांची छायाचित्रे छापली. कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस पूरणचंद जोशी यांच्याबरोबर सुनील जाना कॅमेरा घेऊन आणि चित्तप्रसाद कागद-शाई घेऊन बंगालच्या गावांतून हिंडले. झैनुल आबेदिन यांनी मिळेल त्या स्वस्त कागदावर काळ्या शाईने मरणारी माणसे रेखाटली. चित्तप्रसादांचे ‘हंग्री बेंगॉल’ हे पुस्तक सरकारने जप्त करून जाळले. यांना प्रचारक म्हणणाऱ्यांनी एवढेच सांगावे की, सरकार ज्या प्रेतांचे अस्तित्वच मान्य करीत नव्हते, त्यांची नोंद त्या दिवसांत दुसऱ्या कोणत्या शैलीने केली असती?

१९४२ च्या लढ्यात त्या पक्षाने घेतलेली भूमिका समाजवाद्यांना विसरता येण्याजोगी नाही. पण म्हणून या कामाचे श्रेय नाकारणे कोतेपणाचे ठरेल. १९४३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘इप्टा’ने १९४४ साली बिजन भट्टाचार्य यांचे ‘नबान्न’ रंगमंचावर आणले, आणि बंगाली रंगभूमीवर राजेरजवाड्यांच्या जागी उपाशी शेतकरी आला. आपल्याकडे अण्णा भाऊ साठे यांनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला. बंगालमधल्या मरणाची वार्ता मुंबईच्या कामगारवस्तीत पोचविण्याचे काम त्यांच्यासारख्या शाहिरांनी केले. १९४६ साली ख्वाजा अहमद अब्बास यांचा ‘धरती के लाल’ आला.

आता माझी तक्रार. ‘नबान्न’ आणि ‘धरती के लाल’ पाहताना खलपुरुष कोण, हे चटकन कळते: धान्याचा साठेबाज आणि जमीन गिळणारा जमीनदार. हे दोघे निर्दोष होते असे कोण म्हणेल? परंतु साठेबाज काही १९४३ साली प्रथम जन्माला आला नव्हता. त्याच वर्षी त्याच्या हाती एवढी सत्ता का आली, हा खरा प्रश्न. कलकत्त्यात डिसेंबर १९४२ मध्ये तांदळाचा घाऊक भाव मणाला १३-१४ रुपये होता. मार्चमध्ये तो २१ वर गेला, मे महिन्यात ३० च्या पुढे, ऑगस्टमध्ये ३७ वर. आणि काही जिल्ह्यांत तर पुढे १०० रुपयांच्याही वर गेल्याच्या वार्ता होत्या. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात दाखवून दिले की, १९४३ सालचा धान्यपुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे ५ टक्क्यांनीच कमी होता. १९४१ पेक्षा तर तो १३ टक्क्यांनी अधिक होता, आणि १९४१ साली दुष्काळ पडला नव्हता. मग माणसे का मेली? युद्धाचा अवाढव्य खर्च बंगालमध्ये ओतला गेला, भाव भडकले आणि शेतमजूर, कोळी, नाभिक यांची कमाई होती तेथेच राहिली. काही भागांत हजामतीच्या मोबदल्यात मिळणारे धान्य ७० ते ८० टक्क्यांनी घटले. जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून किनारपट्टीवरील हजारो होड्या सरकारने काढून घेतल्या. कोळ्याची रोजीच बुडाली.

याहून कडू गोष्ट पुढे आहे. युद्धोपयोगी कारखान्यांतील आणि कचेऱ्यांतील नोकरांसाठी कलकत्त्यात स्वस्त धान्याची सोय होती, आणि त्यासाठी तांदूळ खेड्यांतून ओढला जात होता. म्हणजे ‘स्टेट्समन’ उघडून ती छायाचित्रे पाहून हळहळणारा वाचक आणि फुटपाथवरचा मृत शेतमजूर एकाच तांदळाच्या व्यवहाराने बांधलेले होते. ते छायाचित्रात दिसत नाही. दिसणे शक्यही नाही, छायाचित्राची ती मर्यादाच आहे. पण नाटककाराच्या हाती तीन तास असतात. युद्धाला ‘लोकयुद्ध’ मानणाऱ्यांच्या प्रभावळीत लिहिलेल्या नाटकाला युद्धखर्चाकडे बोट दाखविणे अवघड होते, एवढाच त्याचा उलगडा मला सुचतो. करुणा खरी होती. हिशेब अर्धा राहिला.

विभूतिभूषण बंदोपाध्याय यांच्या कादंबरीवरून राय यांनी १९७३ साली ‘अशनि संकेत’ काढला, तेव्हा टीकाकारांनी कुरकूर केली की, दुष्काळाचा चित्रपट आणि रंगीत? एवढी हिरवीगार शेते, एवढी सुंदर नायिका? मी वर्गात हा चित्रपट अनेकदा दाखविला, आणि विद्यार्थीही हाच प्रश्न विचारीत. उत्तर त्या हिरव्या रंगातच आहे. रान पिकलेले आहे, तळी भरलेली आहेत, डोक्यावरून लढाऊ विमाने जात आहेत, सिंगापूर नेमके कोठे आहे हे गावाला ठाऊक नाही, आणि दर काही प्रसंगांनंतर तांदळाचा भाव वाढलेला आहे. भेगाळलेली जमीन दाखविली असती तर दोष पावसावर गेला असता. परिसंवादातल्या त्या वक्त्यांनी ज्याला प्रचार म्हटले, त्याच्या नेमके विरुद्ध टोकाचा हा चित्रपट आहे, आणि तरी अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो ‘नबान्न’पेक्षा अधिक जहाल आहे.

मृणाल सेन याच्याही पुढे गेले. त्यांच्या १९८० च्या ‘आकालेर संधाने’मध्ये एक चित्रपटसंस्था १९४३ चा दुष्काळ चित्रित करण्यासाठी एका खेड्यात उतरते, त्यांत स्मिता पाटील, स्मिता पाटील म्हणूनच आहेत. फावल्या वेळात ही मंडळी उपाशी माणसांची छायाचित्रे पुढे टाकून, कोणते कोणत्या साली काढले ते ओळखण्याचा खेळ खेळतात, आणि ओळखताना फसतात. १९४३, १९५९, १९७१: हाडे सारखीच दिसतात. चित्रपटातल्या एका भूमिकेसाठी गावातील स्त्री हवी म्हणताच प्रतिष्ठित घरांतून गहजब उठतो, कारण दुष्काळात कोणाच्या जमिनी कोणाच्या घशात गेल्या, हे त्या घरांना पक्के ठाऊक असते. आणि या मंडळींच्या खरेदीमुळे गावच्या बाजारातला माल संपतो, भाव चढतात. दुष्काळाचे चित्र काढायला आलेल्यांनीच नवा दुष्काळ आणला, अशी बोलवा उठते. चाळीस वर्षांपूर्वी कलकत्त्याने खेड्याशी जे केले, तेच कॅमेरा घेऊन आलेल्या सहानुभूतीने लहान प्रमाणावर करून दाखविले! आपल्या कलेचे खाते इतक्या प्रामाणिकपणे मांडणारा दुसरा चित्रपट मी पाहिलेला नाही.

हे सारे आज सांगण्याचे कारण बंगाल नाही. ८ मे २०२० च्या पहाटे, टाळेबंदीच्या काळात, जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेले मध्य प्रदेशातील मजूर थकून करमाडजवळ रुळांवर झोपले, आणि त्यांतले १६ जण मालगाडीखाली चिरडले गेले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या चपात्यांचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले. त्यावर कविता झाल्या, चित्रे निघाली; त्यांतील दुःख खोटे होते असे मी म्हणणार नाही. परंतु त्यांच्या हाती किती दिवसांची मजुरी पडली होती, ती कोणाकडे अडकली होती, त्यांची शिधापत्रिका कोणत्या गावच्या दुकानाशी जखडलेली होती, आणि त्यांना बिऱ्हाडाचे भाडे कोण मागत होते, हे विचारणारे नाटक वा कादंबरी कोठे आहे? त्या एप्रिलच्या आरंभी सरकारी कोठारांतला गहू-तांदळाचा साठा विहित मर्यादेच्या दुपटीहून अधिक होता. चपात्यांच्या त्या छायाचित्राशेजारी भरलेल्या गोदामाचे छायाचित्र छापलेले अद्याप माझ्या पाहण्यात आलेले नाही.