शाळू, कंबर आणि आंबील

माघ महिन्यात मंगळवेढ्याकडचे एक ७२ वर्षांचे शेतकरी कंबर धरून दवाखान्यात आले. शाळूची काढणी म्हणजे ताट मुळासकट उपटणे. मजूर मिळेनात, म्हणून त्यांनी एक एकर एकट्यानेच उपटला होता. "डॉक्टर, मुलगा म्हणतो ऊस लावू. पुढल्या साली शाळू पेरू का नको?" या प्रश्नाचे उत्तर माझ्या शास्त्रात नव्हते.

तरी विचार करावासा वाटला. शाळू पेरला जातो तो पाऊस सरताना. पुढे काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीवर तो वाढतो. त्याची मुळे खोल जातात, पानांवर मेणासारखा थर असतो. ताण पडला की वाढ आवरून तो तग धरतो. मोहोळ येथे निवडलेले मालदांडी ३५-१ हे वाण अनेक दशकांनंतरही पेरले जाते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. शिवाय कडबा मिळतो तो वेगळाच. पाऊस बेभरवशाचा झालेल्या मुलखात असे धान्य हातचे सोडणे धोक्याचे आहे. १९७२ च्या दुष्काळात रांगेत उभे राहून आणलेला परदेशी लाल मायलो आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

एक कबुली द्यायला हवी. "भाकरी जड पडते, पोळी खा," असे मीच कितीतरी वृद्धांना सांगत आलो. तो सल्ला सरसकट द्यायला नको होता. ज्वारीतील तंतुमय भाग बद्धकोष्ठाला उपकारक ठरतो. मात्र मधुमेहींनी भाकरीला औषध समजू नये. तिच्यातही पिष्ट आहेच, भाकऱ्या मोजूनच खाव्यात. (२०२३ हे भरडधान्य वर्ष साजरे झाले, तेव्हापासून 'ज्वारीची' म्हणून मिळणाऱ्या काही बिस्किटांत मैदाच अधिक असतो. वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी.)

दात नसतील तर गरम भाकरी आमटीत कुस्करून भिजू द्यावी. आंबील त्याहून सोपी: पीठ रात्री ताकात भिजवावे, सकाळी पाण्यात शिजवावे. आंबवल्याने धान्यातील लोह अंगी लागण्यास मदत होते. त्यावर लगेच चहा मात्र देऊ नये. पक्षाघातानंतर गिळताना ठसका लागत असेल, तर पातळ आंबील श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. ती किती घट्ट असावी हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनीही आहार परस्पर बदलू नये.

त्या शेतकऱ्यांना मी म्हणालो, "काका, उपटू नका, विळ्याने कापा." ते हसले. "सड राहतात, डॉक्टर. पायात घुसतात."

पुढच्या खेपेस त्यांनी टेबलावर पिठाची पिशवी ठेवली. पेरणीविषयी ते काही बोलले नाहीत. मीही विचारले नाही.