बाकडे मिळाले, आता माणूस हवा

पुण्यातील आपल्या वस्त्यांमध्ये एक चांगली गोष्ट घडली आहे. ठिकठिकाणी अभ्यासिका उभ्या राहिल्या. काही महानगरपालिकेच्या, काही मंडळांच्या, तर काही विहाराच्या वरच्या मजल्यावर. दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही, गॅस, आजारी आजोबा आणि तान्हे बाळ यांच्यामध्ये बसून परीक्षेचा अभ्यास करणे किती कठीण, हे आपल्याला कोणी सांगायला नको. म्हणून अभ्यासिकांचे आम्ही स्वागतच करतो.

परंतु वाचकहो, एक प्रश्न विचारावासा वाटतो. या अभ्यासिकेत आपली तिसरीतली पोर कुठे बसते? आठवीतली मुलगी कुठे बसते? लहान मूल आत डोकावले, की ‘शांतता राखा’ या पाटीकडे बोट दाखवून त्याला पिटाळतात. मुलीला तर आईच पाठवत नाही, आणि त्यात आईचे काही चुकत नाही; कारण संध्याकाळी तिथे एकही बाई नसते. म्हणजे अभ्यासिका झाली ती स्पर्धा परीक्षेच्या तरुणांची. ज्या वयात वाचनाची गोडी लागते, ते वय दाराबाहेरच राहिले. विहारात पुस्तकांचे कपाट असते, पण त्याला कुलूप. किल्ली अध्यक्षांकडे आणि अध्यक्ष कामावर!

बाबासाहेबांचे विद्यार्थीजीवन आठवा. परळच्या चाळीत एकच खोली. तिथेच स्वयंपाक, तिथेच झोपणे. वडील रामजीबाबा त्यांना रात्री दोन वाजता उठवून अभ्यासाला बसवीत. शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. ती बाग हीच त्यांची अभ्यासिका. त्याच बागेत येणाऱ्या कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींचे या मुलाकडे लक्ष गेले. त्यांनी विचारपूस केली, वाचायला पुस्तके दिली, आणि पुढे सत्कारसभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवले. पुढचा इतिहास आपण जाणतोच. बागेतले बाकडे सर्वांसाठीच होते. भीमरावांना तिथे विचारपूस करणारा माणूसही भेटला, ही मोठी गोष्ट.

सार्वजनिक ग्रंथालयातील बालविभाग म्हणजे तरी काय? केळुसकर गुरुजींनी जे आपुलकीने केले, ते नेमाने करणारा माणूस तिथे बसवणे. “बाळ, हे आवडले का? मग आता हे वाच,” एवढे म्हणणारा. हे काही नवे खूळ नाही. बाबासाहेबांना १९१३ साली परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणाऱ्या सयाजीराव गायकवाडांनी त्याआधीच, १९१० मध्ये, विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यास आणून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले होते. तेथील मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळे दालन होते आणि गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरत. युनेस्कोच्या १९९४ च्या ग्रंथालय जाहीरनाम्यातही मुलांना लहानपणापासून वाचनाची सवय लावणे हे ग्रंथालयाचे महत्त्वाचे काम म्हणून सांगितले आहे.

आपल्या शहरातही परंपरा जुनी आहे. पुणे नगर वाचन मंदिराची स्थापना १८४८ ची, म्हणजे जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली त्याच वर्षाची. पण येरवड्याचे किंवा बोपोडीचे सात वर्षांचे मूल एकटे बसने पेठेत जाणार कसे? म्हणून पुस्तकच वस्तीत आले पाहिजे.

यात आपला हक्क कोणता, तेही पाहू. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार मान्यताप्राप्त ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळते. तो पैसा आपल्याही करातला आहे. जवळच्या ग्रंथालयात जा, बालविभाग आणि महिला विभाग आहे का ते विचारा, नसेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टींची पुस्तके हवीत, असे स्पष्ट लिहिले आहे. पालकसभेत माता-भगिनींनी हा विषय जरूर काढावा.

अर्जाचे उत्तर येईपर्यंत हात बांधून बसू नये. आम्ही कारकुनी पेशाचे, म्हणून हिशेबच मांडतो. शंभर पुस्तके, सरासरी पन्नास रुपये धरले तर पाच हजार रुपये. पन्नास घरांनी शंभर-शंभर रुपये काढले की झाले. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके याहून स्वस्त पडतात. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तके माफक किमतीत मिळतात. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे; त्याचे जुने अंक मोबाईलवरही फुकट वाचता येतात. एक सतरंजी विहारात असतेच.

आता माणूस. आठवड्यातून दोन संध्याकाळी, सहा ते साडेसात, एका ताईने किंवा निवृत्त काकांनी बसायचे. पहिला अर्धा तास लहानग्यांना मोठ्याने गोष्ट वाचून दाखवायची. नंतर आठवी ते बारावीच्या मुला-मुलींसाठी वेळ: दहावीनंतर काय करावे, जातीचा दाखला कसा काढावा, शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज कसा भरावा. मुली असतील तेव्हा एक बाई हजर हवीच, आणि घरापर्यंत सोबतही हवी. अभ्यासिकेतल्या तरुणांनी आळीपाळीने एक तास दिला, तर त्यांचा अभ्यास बुडणार नाही.

अनामत रक्कम मागू नका. पुस्तक फाटले म्हणून ओरडू नका. एकदा ओरडा खाल्लेले पोर परत फिरकत नाही. शंभरातली दहा पुस्तके दरवर्षी घसाऱ्यात धरावीत. पुस्तक घरी नेऊ द्या. ज्या आजीला अक्षर-ओळख नाही, तिला नातवाने वाचून दाखवले, तर एका पुस्तकात दोघांचे वाचन होते.

तेव्हा येत्या रविवारी वंदनेनंतर अध्यक्षांकडे कपाटाची किल्ली मागा. ज्या वस्तीत असा वाचनाचा तास सुरू होईल, तिथल्या मंडळींनी दोन ओळी लिहून आम्हाला कळवावे. इतर वस्त्यांना त्याचा उपयोग होईल.

जयभीम!