रॅम महागली, उसाचं बिल तेवढंच: साठ हजारांत गेमिंग पीसी बसवायचा कसा?

इंदापूर तालुक्यातल्या माझ्या भाच्याचा परवा फोन आला. ‘मामा, पप्पा साठ हजार देतो म्हणालेत. गेमिंग पीसी बसेल का?’ वर्षभरापूर्वी मी डोळे झाकून ‘बसेल की’ म्हणालो असतो. या वेळी म्हटलं, ‘थांब, आधी रॅमचा भाव बघू.’

साठ हजार म्हणजे किती, हे आपल्या भागातल्या हिशोबाने सांगतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली आहे. त्या दराने साठ हजार म्हणजे जवळपास १७ टन ऊस, तेही तोडणी-वाहतूक वजा न करता. त्यामुळे ‘बघू, नाही जमलं तर बदलू’ असं म्हणायची सोय नाही. एकदाच घ्यायचं आहे, नीट घ्यायचं आहे.

रॅमला झालं काय?

जगातल्या मेमरी चिपपैकी बहुतांश तीनच कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना एचबीएम नावाची वेगळी, महागडी मेमरी लागते. ती ज्या कारखान्यांत बनते, तिथेच आपल्या पीसीची रॅमही बनते. एचबीएममध्ये नफा जास्त, म्हणून कारखान्यांचा मोर्चा तिकडे वळला आणि साध्या रॅमचा तुटवडा झाला. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत डीडीआर५ रॅमच्या किमती दुपटी-तिपटीवर गेल्या. जुनी डीडीआर४ तरी स्वस्त राहील असं वाटत होतं, पण कंपन्या तिचं उत्पादनच आवरतं घेत असल्याने तीही चढली. ३ डिसेंबर २०२५ ला तर मायक्रॉनने आपला ‘क्रुशियल’ हा ग्राहकांसाठीचा रॅम-एसएसडीचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं.

‘गुजरातमध्ये सानंदला मायक्रॉनचा प्रकल्प आहे ना, मग स्वस्त नको का व्हायला?’ असं काही जण विचारतात. सानंदचं काम जोडणी, तपासणी आणि पॅकिंगचं आहे. मूळ चिप तिथे घडत नाही, आणि भाव जागतिक बाजारातच ठरतो.

यात बारामतीकरांसाठी एक गंमतही आहे. इथल्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या एआय-ऊस प्रयोगाचं कौतुक २०२५ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेला यांनी केलं. म्हणजे एआय आपल्याकडे दोन दारांनी आलंय: बापाच्या उसात पाणी-खत वाचवायला, आणि पोराच्या पीसीची रॅम महाग करायला.

मग ‘थांबावं का?’ नवे मेमरी कारखाने उभे राहून उत्पादन सुरू व्हायला वर्षं लागतात. दोन-चार महिन्यांत भाव पूर्ववत होतील या आशेवर थांबण्यात अर्थ नाही. पण घाईने सगळं एकदम घेण्यातही नाही.

आधी गेम, मग मशीन

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न ‘बजेट किती?’ हा असतो. खरं तर तो ‘खेळणार काय?’ असा हवा. मी भाच्याला पाच गेमची यादी करायला लावली. कोणत्याही यादीचे साधारण तीन गट पडतात.

पहिला, हलके ऑनलाइन गेम. व्हॅलोरंटला किमान ४ जीबी रॅम आणि इंटेलचं जुनं अंगभूत ग्राफिक्सही पुरतं. काउंटर-स्ट्राइक २ ला ८ जीबी रॅम आणि ८५ जीबी जागा लागते. हे दोन्ही फुकट आहेत.

दुसरा, गाजलेले पण जुने गेम. जीटीए ५ पीसीवर २०१५ ला आला, आजही आपल्याकडे सर्वांत जास्त विचारला जातो. रेड डेड रिडेम्प्शन २ साठी १५० जीबी जागा आणि शिफारस म्हणून जीटीएक्स १०६० च्या तोडीचं कार्ड लागतं.

तिसरा, नवे अवजड गेम. ब्लॅक मिथ वुकाँगला १६ जीबी रॅम ही किमान अट आहे. या गटासाठी साठ हजारांत नवा पीसी आज होत नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. आणि ‘जीटीए ६ साठी घेतोय’ म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवा: तो पीएस५ आणि एक्सबॉक्ससाठी जाहीर झालाय. पीसीची तारीखच नाही, मग त्यासाठी आज पैसे कशाला अडकवायचे?

भाच्याच्या यादीत चार गेम पहिल्या-दुसऱ्या गटातले निघाले. तिथेच निम्मं काम झालं.

साठ हजारांची वाटणी

सध्याच्या भावात मला तीन रस्ते दिसतात.

१) अंगभूत ग्राफिक्सवर सुरुवात, कार्ड नंतर. रायझन ५ ५६००जी सारखा प्रोसेसर, डीडीआर४ ची ८-८ जीबीची जोडी, एसएसडी आणि चांगला पॉवर सप्लाय. इथे १६ जीबीची एकच पट्टी घेऊ नका. अंगभूत ग्राफिक्स रॅमच वापरतं, त्यामुळे दोन पट्ट्यांनी एफपीएसमध्ये डोळ्यांना दिसेल एवढा फरक पडतो. यात पहिला गट आरामात आणि जीटीए ५ कमी-मध्यम सेटिंगवर चालतो. तोटा हा, की हा प्रोसेसर पीसीआय ३.० वर चालतो, त्यामुळे पुढे नवं कार्ड लावलं तर थोडी ताकद वाया जाते.

२) आत्ताच ग्राफिक्स कार्ड. रायझन ५ ५६०० आणि आरटीएक्स ५०५० सारखं ८ जीबीचं कार्ड. गेमिंगला हाच रस्ता सरस, पण आजच्या रॅमभावात मॉनिटरसकट साठ हजारांत बसवायला गेलात तर पॉवर सप्लायमध्ये काटछाट होते. ती चूक करू नका.

३) लॅपटॉप. पोरगं वर्षभरात हॉस्टेलवर जाणार असेल तर हाच विचार आधी करा. आरटीएक्स ३०५० चा लॅपटॉप घेताना रॅमची दुसरी जागा रिकामी आहे का, हे विचारून घ्या. लाईट गेली तरी काम थांबत नाही, हा फायदा वेगळाच.

‘आय सेव्हन’चा सापळा

दोन वर्षांपूर्वी माझ्याच ओळखीतल्या एकाने ‘आय सेव्हन गेमिंग पीसी, ग्राफिक्स कार्डसहित’ म्हणून बत्तीस हजारांना डबा आणला. काचेचं कॅबिनेट, चार रंगीत पंखे. उघडून पाहिलं तर आत चौथ्या पिढीचा आय सेव्हन आणि जीटी ७३० कार्ड. दोन्ही दहा वर्षं जुन्या काळातले.

आज हा सापळा जास्त महागात पडतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० लागतं. विंडोज ११ वर व्हॅलोरंटही टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट सुरू असल्याशिवाय उघडत नाही. म्हणून जुनं घ्यायला हरकत नाही, पण आठव्या पिढीच्या खाली जाऊ नका. ‘आय सेव्हन’ ऐकून खूश होऊ नका, पुढचा आकडा विचारा. बिलावर प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल लिहून घ्या. ‘८ जीबी ग्राफिक्स’ एवढंच लिहिलेलं बिल चालणार नाही.

लाईट आणि धूळ

यूट्यूबवरच्या याद्या आपल्या गावची वीज धरून केलेल्या नसतात. ६०० व्हीएचा साधा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅट झेपवतो. कार्डवाला पीसी आणि मॉनिटर गेम चालू असताना त्याच्या जवळ जातात आणि लाईट जाताच यूपीएसच झोपतो. अशा पीसीला १,००० व्हीएच्या पुढचा घ्या. पॉवर सप्लाय ८० प्लस ब्राँझ, नावाजलेल्या कंपनीचाच. कॅबिनेट टेबलावर ठेवा, जमिनीवर नको. आणि वॉरंटीसाठी वस्तू पुण्याला पाठवावी लागेल का, हे पैसे देण्याआधी विचारा.

गेमवर खर्च किती?

पीसीवर मोठा खर्च केल्यावर गेमवर फार करायची गरज नाही. स्टीमवर किमती रुपयांत आहेत, यूपीआय चालतं आणि सेलमध्ये जुने गेम चांगलेच उतरतात. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. आपल्या मशीनवर गेम चालतो का, हे तपासायला एवढं पुरे. एपिक स्टोअर दर आठवड्याला गेम फुकट देतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला ‘राजी’ माफक मशीनवरही चालतो, जरूर बघा.

एक गोष्ट पालकांसाठी. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम पुरवण्यावर बंदी आली, ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता मिळाली. दाजींना ‘गेमिंग’ म्हटलं की रमीच आठवत होती. हे दोन वेगळे विषय आहेत, हे समजावल्यावरच खरं बोलणं सुरू झालं.

शेवटी आमचं ठरलं ते असं: पहिला रस्ता. मॉनिटरऐवजी तूर्तास घरातला टीव्ही. यूपीएस आणि पॉवर सप्लाय आत्ताच दणकट. उरलेले दहा-बारा हजार बँकेत, कार्डासाठी. पुढच्या हंगामाचं बिल आल्यावर त्यात भर घालून घेऊ. भाचा थोडा हिरमुसला. ‘मामा, लाईटवाले पंखे तरी?’ म्हटलं, ते नंतर कधीही लावता येतील, आधी त्या पैशांत दुसरी रॅमची पट्टी बसू दे.