मागे पडणारे लेकरू



वडीगोद्रीच्या शिवारात मोसंबीचे एखादे झाड पिवळे पडले, की तुम्ही आळे उकरून मुळ्या पाहता. लेकरू शाळेत मागे पडले, की मात्र "डोकंच नाही त्याला" म्हणून शेरडांमागे धाडता. अहो, आधी कारण तर शोधा! फळ्यावरचे दिसत नसेल, गुरुजींचे नीट ऐकू येत नसेल. काहींना अक्षरे जुळवून वाचता येत नाहीत, पण तोंडी हिशेब चोख असतो. याला अध्ययन अक्षमता म्हणतात. तो आळस नव्हे, आणि छडीने तर मुळीच जात नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, त्यात हाही आहे. अपंगत्वाचे कारण सांगून सरकारमान्य शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. प्रमाणपत्रात 40 टक्के वा अधिक अपंगत्व असेल, तर 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षण मिळते. तपासणी कोठे होते ते मुख्याध्यापकांना विचारा. गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांशी तेच गाठ घालून देतील.

कमी ऐकणाऱ्याला पुढे बसवा, गुरुजींचे तोंड त्याला दिसले पाहिजे. गुरुजींनीही फळ्याकडे तोंड करून बोलू नये. एवढ्याला पैसा लागत नाही. पुढे परीक्षेत गरजेप्रमाणे लेखनिक व जादा वेळ मागता येतो.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी प्रमाणपत्राचे काम दसऱ्याआधीच उरकावे. लेकरू मुलगी असेल, तरीही.